मावेजा अशिलाचा आहे

अपघातात नवरा गेलेली बाई वकिलाकडे जाते. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा अहवाल, विमा पॉलिसीची झेरॉक्स एवढं बघून झालं की बोलणं टक्क्यावर येतं. क्लेम मंजूर झाला तर इतके टक्के. लिहून काही द्यायचं नाही. फार तर सही केलेला कोरा चेक ठेवून जायचा. पाझर तलावात, कालव्यात किंवा रस्त्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या वाढीव मावेजाचं बोलणंही असंच होतं. मराठवाड्यात ही भाषा कुणाला नवी नाही. सगळे वकील असे नाहीत. पण जे आहेत त्यांच्याबद्दल बाकीचे गप्प का?

भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत 20 क्रमांकाचा नियम सरळ आहे. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर हे 1954 मध्येच सांगितलं. प्रकरण मुंबईचं होतं. वकिलाने अशिलाकडून वसुलीतल्या 50 टक्क्यांचा करार लिहून घेतला होता. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकालात स्पष्ट केलं की, इतर दोन माणसांत असा करार चालू शकेल, वकिलाला तो चालणार नाही. डिसेंबर 2017 मध्ये तेलंगणातल्या एका विधवेच्या प्रकरणात पुन्हा तेच सांगावं लागलं. पतीच्या अपघाताच्या भरपाईतून तिने वकिलाला 10 लाख रुपये दिले होते, तरी आणखी 3 लाखांचा चेक तिच्याकडून घेतला. तो वटला नाही म्हणून वकिलाने तिच्यावरच फौजदारी केस टाकली. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि उदय लळित यांनी ती केस रद्द केली आणि भरपाईच्या टक्केवारीवर फी मागणं हे गैरवर्तन आहे, असं बजावलं.

भूसंपादनात तर हा टक्का फारच क्रूर ठरतो. 1894 च्या जुन्या कायद्यात वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी 9 टक्के आणि त्यानंतर दरसाल 15 टक्के व्याज आहे. दावा पंधरा-वीस वर्षं रेंगाळला की मूळ रकमेपेक्षा व्याज मोठं होतं. ते व्याज ही शेतकऱ्याने काढलेल्या वर्षांची भरपाई आहे. जमीन गेली, पोरं कंपनीत रोजंदारीला लागली, म्हातारा तारखांना येत राहिला. वकिलाचा टक्का त्या व्याजावरही लागतो. म्हणजे खटला जितका लांबेल तितका वाटा फुगतो. खटला लवकर संपावा अशी इच्छा अशा माणसाने कुठून आणायची?

अपघात भरपाईचं गणित वेगळं, पण नुकसान तेवढंच. विधवा, अल्पवयीन आणि निरक्षर वारसांची रक्कम कुणी लुबाडू नये म्हणून तिचा मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 च्या दशकातच सांगून ठेवलं आहे. हातात येते ती उरलेली थोडी रक्कम. टक्का मात्र पूर्ण रकमेवर मोजतात आणि वसूल करतात या हातातल्या पैशातून. घर चालवायला ठेवलेला पैसा पहिल्याच आठवड्यात संपतो.

वकिलांची बाजू मला ठाऊक आहे. अशिलाकडे आधी द्यायला दमडी नसते, टायपिंगपासून साक्षीदारांच्या भत्त्यापर्यंतचा खर्च वकीलच करतो. ही अडचण खरी आहे. पण फी मागाहून घ्यायला नियमाची आडकाठी नाही. आकडा आधी ठरवा, लिहून द्या, पावती द्या. आणि ज्या बाईकडे काहीच नाही तिला हेही सांगा की, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न घालता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं. हे अशिलाला सांगणं वकिलाचं काम आहे.

मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली. वकिलाच्या शिस्तीसाठी आता वकिलांचीच परिषद उरली. महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेचं कार्यालय मुंबईत, उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. न्याय दाराशी यावा म्हणून मराठवाड्याच्या वकिलांनी खंडपीठासाठी झुंज दिली आणि 27 ऑगस्ट 1981 ला ते इथे, छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालं. लढा अशिलांच्या नावाने होता. मग वकिलाविरुद्धची तक्रार घेऊन गेवराईच्या, भोकरदनच्या माणसाने मुंबईला का जायचं? परिषदेने या भागातल्या तक्रारींची सुनावणी नेमाने छत्रपती संभाजीनगरात घ्यावी. इथल्या वकील संघांनी 20 क्रमांकाचा नियम मराठीत, ठळक अक्षरांत, अदालत रोडवरच्या न्यायालयात आणि जालना रोडवरच्या खंडपीठात दारातच लावावा.

आणि ज्यांचा दावा चालू आहे त्यांना एवढंच: कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर सही करू नका. दिलेल्या प्रत्येक पैशाचा हिशेब मागा. मागितल्यावर तो देणं वकिलाला बंधनकारक आहे. फी थकली म्हणून तुमची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ठरवून दिलं आहे. टक्का मागितला, तर वकिली कायद्याच्या कलम 35 खाली लेखी तक्रार करा.