फर्स्ट किकवाले नाना

निगडी प्राधिकरणाच्या प्रत्येक सेक्टरात असा एक तरी नाना सापडतो. हयात आकुर्डी-भोसरीच्या तीन शिफ्टांत गेलेली, व्हीआरएसच्या पैशात मुलीचं लग्न उरकलेलं आणि पार्किंगमध्ये एक बजाज चेतक कायम उघडी. उघडी म्हणजे इंजिन खाली उतरवलेलं आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत. डब्यांवर मार्करने 'क्लच', 'कार्बोरेटर' वगैरे. पाहुणे आले की काकू आधी डबा हलवून बघतात, मगच उघडतात.

दिवाळीत उतरवलेलं इंजिन गुढीपाडव्याला बांधून होतं. मधले महिने भोसरीच्या लेथवाल्याकडे बोअर करून घेण्यात आणि बुधवार-रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा पार्ट हुडकण्यात जातात. नवा मिळाला तरी नाना जुनाच घेतात. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७, म्हणून १४५.४५ सीसी, हे गणित तोंडी येत नसेल त्याची इंजिनिअरिंगची डिग्री काढून घ्यावी असं त्यांचं मत आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा इंजिनिअर आहे. तो रविवारी शक्यतो बाहेर असतो.

पहिली किक मात्र खाजगीत मारायची नसते. रविवारी दहाला, सोसायटीची मीटिंग सुटताना, नाना धुतलेल्या शर्टात खाली येतात. स्कूटरला हार, हँडलला लिंबू-मिरची. पेट्रोलमध्ये ऑइल नेहमीपेक्षा हात सैल सोडून, कारण नव्या रिंगा. मग प्लग काढून इंजिनाला टेकवायचा आणि कुणा पोराला विचारायचं, "ठिणगी निळी का पिवळी?" पोरगं काहीही म्हणालं तरी प्लग पॉलिश पेपरवर घासला जातोच. किक आधी हाताने दाबायची. दाबताना डोळे मिटलेले, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. "कॉम्प्रेशन आलं," असं ते म्हणतात तेव्हा सेक्रेटरीसुद्धा बोलायचे थांबतात.

पहिली किक फुकट जाते. दुसरीला खोकते. नाना स्कूटर एका अंगाला कलवतात, चोक ओढतात. "ओव्हर झाली वाटतं," असं मागून कुणी म्हणालं की नाना वळून फक्त बघतात. त्यानंतरच्या किकला फटाका वाजावा तसा बार आणि निळा-पांढरा धूर थेट दुसऱ्या मजल्याच्या वाळवणावर. तिथल्या वहिनी काय म्हणतात ते आवाजात ऐकू येत नाही, आणि नानांना तीच सोय आहे.

चाकणला कारच्या कंपनीत असलेल्या पुतण्याने एकदा त्यांना मोबाइलवर माझदाचं रोटरी इंजिन दाखवलं. नुकतंच बांधलेलं, पहिल्यांदा चालू होत होतं.

"पिस्टनच नाही? मग रिंगा कुणाला घालतात?"

"रिंगा नसतात नाना. तिकोनी रोटर असतो, त्याच्या तिन्ही टोकांना सील."

"म्हणजे रिंगाच. नाव बदलून ग्रेड वाढवून घेतलीय."

सील जागेवर राहावेत म्हणून बांधताना व्हॅसलिन लावतात, बरेच जण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइलही घालतात, हे कळलं तसे नाना पुढे सरकले. स्क्रीनवर अख्खं गॅरेज धुरात गेलं, तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र दिलं, "माणूस आपल्यातला आहे." याच जातीच्या इंजिनाने १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, असं पुतण्याने सांगितलं. "सलग तिन्ही शिफ्टा? ओव्हरटाइम मिळाला का?"

जानेवारी २०२०मध्ये चेतक परत आली, तीही विजेवर, चाकणच्या कारखान्यातून. मुलाने घेतली. नाना तिच्याभोवती एक फेरी मारून आले. किक नाही, धूर नाही, चालू झाली का हेही विचारावं लागतं. "चांगली आहे," एवढंच म्हणाले आणि सीटवर पान्यांची पिशवी ठेवली.

तेव्हा प्राधिकरणात कुणाची जुनी चेतक धूळ खात पडली असेल, तर नानांच्या कानावर घालू नका. ती चालू नक्की होईल. पण चालवायला तुम्हाला मिळणार नाही, कारण चालू झालेल्या इंजिनात नानांना लगेच 'बारीकसा आवाज' ऐकू येतो, आणि सोमवारी ते पुन्हा उतरतं.