तूर्तास चालेल

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. नावं बदलतात, कुठे भाऊ, कुठे नाना. पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर अडकवलेला दिसला की ओळख पटते. आमचे डोंबिवलीचे अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, हत्यारं मात्र सेवेतच राहिली. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक. तीत सुतळीची भेंडोळी, जुन्या एक्स-रेच्या फिल्मा, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, स्टोव्हच्या पिना (घरात स्टोव्ह नाही) आणि अर्धवट पिळून कडक झालेलं एम-सील. "कशाला टाकायचं? लागतं कधीतरी." आणि वैताग असा, की खरोखर लागतं.

सायकलच्या ट्यूबची पट्टी हे त्यांचं रामबाण औषध. ती ताणून गुंडाळली की गळका पाइप थांबतो, हातोडीची हलणारी दांडी घट्ट बसते, स्कूटरवर मागे बांधलेला सिलिंडर पडत नाही. कुकरची रिंग सैल झाली तर ती फ्रीजरमध्ये जाते आणि बाहेर आल्यावर दोन-तीन शिट्ट्या तरी इमानदारीनं देते. रिमोटचे सेल संपतात, हे तर अण्णांना मान्यच नाही. आधी ते जागच्या जागी फिरवायचे, मग तळहातावर आपटायचे, मग दातांनी चावायचे, शेवटी खिडकीत उन्हाला ठेवायचे. नव्या सेलचे पैसे वाचले, हा हिशेब ते अभिमानानं सांगतात. दाताच्या डॉक्टरचं बिल वेगळ्या वहीत असतं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर एकच निकाल: "तूर्तास चालेल." हे तूर्तास काही वस्तूंच्या बाबतीत मुलीच्या शाळेपासून तिच्या लग्नापर्यंत चाललेलं आहे.

लोकांना वाटतं अण्णा कंजूष आहेत. मला तसं वाटत नाही. चार पैसे वाचवायला ते कधीकधी सहा खर्च करतात. त्यांचं खरं सुख वेगळं आहे: घरातली एकही वस्तू त्यांच्या सल्ल्याशिवाय चालत नाही. बाथरूमचा दिवा पॅसेजमधल्या बटणावर लागतो. नळ पाऊण फिरवून वर उचलायचा, पूर्ण फिरवला तर हातात येतो. गीझर लावण्याआधी हॉलमधला पंखा बंद करायचा. संडासच्या टाकीला साखळीऐवजी सुतळी आहे. ती ओढून लगेच सोडायची नाही, मनात पाच अंक मोजायचे.

जावई पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा हा सगळा पाठ द्यायचा राहून गेला. नरक चतुर्दशीची पहाट, जावईबापू अंगभर उटणं लावून पाटावर बसलेले आणि दिवा गेला. बाहेरून अण्णा ओरडत होते, "घाबरू नका! उजव्या हाताला सुतळी लागेल, ती ओढू नका!" जावयांनी ओढली. तेव्हापासून दिवाळी ते आपल्या घरी करतात.

एका बाबतीत मात्र हसू येत नाही. मीटरजवळच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये अण्णांनी फ्यूजच्या तारेऐवजी वायरीतल्या तांब्याच्या तारांचा पीळ भरला आहे. "बघा, आता उडतच नाही!" अहो, उडायलाच तर तो बसवलेला असतो. जास्त विजेनं तो आधी वितळावा आणि भिंतीतली वायर वाचावी, एवढ्याचसाठी त्याचा जन्म. आयुष्य खात्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं नाही. पण फ्यूज उडणं हा अण्णांना स्वतःचा अपमान वाटतो.

फ्रीजवर एक कात्रण चिकटवलंय. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसानं मुलाच्या हौसेसाठी भंगारातून चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, खर्च सुमारे ६० हजार. आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये ती स्वतःकडे घेतली आणि बदल्यात त्याला नवी बोलेरो दिली. अण्णा हे कात्रण येणाऱ्या-जाणाऱ्याला असं दाखवतात, की बोलेरो त्यांच्याच दारात उभी आहे. काकूंनी एकदा ऐकवलंच, "त्यानं गाडी पुरी केली. तुम्ही एक बटण पुरं करून दाखवा."

काकू हे बोलू शकतात. न सांगता चार माणसं जेवायला आली तर आमटीत दोन भांडी आधण, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा पडतो, पानावर कुणालाही पत्ता लागत नाही. रात्रीच्या पोळ्या सकाळी कुस्करून फोडणीला जातात. जुन्या साड्यांची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं. यासाठी त्यांचं कात्रण कुणी चिकटवलेलं नाही. आणि हे सगळं वापरताना पाच अंक मोजावे लागत नाहीत.

गेल्या मे महिन्यात अण्णा भाच्याच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. जाताना बाथरूमच्या दारावर सूचनांचा कागद लावून गेले. काकूंनी त्याच संध्याकाळी प्लंबर बोलावला, आणि त्याच्या पाठोपाठ वायरमन. ट्रंकेला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कुठे थांबायचं ते कळतं.

अण्णा परतले, हातपाय धुवायला गेले. दिवा बाथरूमच्याच बटणावर लागला. नळ एका बोटानं उघडला, एका बोटानं बंद झाला. अण्णांनी तो पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला, खाली वाकून तळाशी बोट फिरवलं. कोरडं. मग आतूनच आवाज आला, "वायसर जरा जास्तच घट्ट बसवलाय लेकाच्यानं. अगं, माझी पक्कड कुठंय?"