दुसऱ्या दिवशीचे श्रमदान

सार्वजनिक कार्याची आपल्याकडे एक शास्त्रशुद्ध परंपरा आहे. तिचा क्रम असा की, प्रथम समिती, मग समितीचा फलक, मग फलकाचे अनावरण, मग छायाचित्र, आणि या सर्व विधींतून वेळ व उत्साह यांची काही शिल्लक उरलीच, तर शेवटी कार्य. चंद्रपुरातील काही मंडळींनी या परंपरेला उघडउघड छेद दिला असून त्याबद्दल आजवर कोणीही रीतसर हरकत नोंदविलेली नाही, म्हणून ते अप्रिय कर्तव्य या सदराला बजावावे लागत आहे.

हकिकत अशी आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या शिकारी कुत्र्याचा एका सशानेच उलट पाठलाग केला आणि ज्या वाटेने ससा धावला त्याच वाटेवर नगराचा परकोट आखला गेला, ही आख्यायिका चंद्रपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणजे या शहराचा पहिला नगररचनाकार एक ससा होता, आणि त्याने सल्लागार म्हणून मोबदला घेतल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या मिरविणारी ही सुमारे 11 किलोमीटरची तटबंदी गोंडांकडून भोसल्यांकडे, भोसल्यांकडून इंग्रजांकडे आणि अखेर पुरातत्त्व विभागाकडे आली. 1958 च्या अधिनियमाने संरक्षित स्मारकांना कागदोपत्री जितके अभय मिळाले, तितकेच अभय या तटाच्या फटींत रुजलेल्या पिंपळाला, माजलेल्या झुडपांना आणि बुरुजाआड टाकलेल्या घरोघरच्या केरकचऱ्यालाही मिळत गेले, आणि हे सर्व पक्ष परस्परांशी अत्यंत सलोख्याने नांदत होते.

या सलोख्यात 1 मार्च 2017 रोजी बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी कुऱ्हाडी, फावडी आणि घमेली घेऊन व्यत्यय आणला. त्या दिवशी नारळ फुटला की नाही, याची चौकशी मी करीत नाही. फुटला असेल तर उत्तमच. माझा आक्षेप निराळाच आहे. ही मंडळी दुसऱ्या दिवशीही आली! श्रमदान हे दान आहे, आणि दान एकदा द्यावयाचे असते, ही साधी गोष्ट विसरून ती तिसऱ्या दिवशी आली, चंद्रपूरचा उन्हाळा अंगावर घेऊन आली, पावसाळ्यात आली, आणि असे महिनोन्महिने चालल्यावर त्याच वर्षी पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख करावा लागला. ज्या वर्षीच्या जुलैत राज्यात चार कोटी रोपे लावण्याचा संकल्प सुटला होता आणि खड्डा, रोप व मान्यवर यांचा त्रिवेणी संगम गावोगावी छायाचित्रबद्ध होत होता, त्याच वर्षी ही मुले तटावरचे पिंपळ उपटत होती, यावरून त्यांची कालविसंगती ध्यानात यावी.

याचा दुष्परिणाम आमच्यासारख्या सभ्य वसाहतींवर कसा होतो, ते आता पाहू. शहराच्या कोणत्याही नव्या ‘नगरा’त, ले-आऊट मंजूर करून घेताना निरुपायाने सोडलेला, बहुधा त्रिकोणी, एक तुकडा असतो, ज्याला सारे लोक ‘ओपन स्पेस’ म्हणतात. तेथे उद्यान व्हावे अशी सर्वांची मनोमन इच्छा असते, आणि म्हणूनच एखाद्या रविवारी पायजम्यातले सेवानिवृत्त नायब तहसीलदार, वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले साहेब, एक गुरुजी, आणि घरचे निर्माल्य आजवर त्याच जागेत टाकीत आलेल्या काकू, अशी सर्वपक्षीय मंडळी गाजरगवत उपटावयास जमतात. तासाभरात चहा येतो. चहाबरोबर अध्यक्षपदाचा प्रश्न येतो. अध्यक्ष ठरल्यावर त्रिकोणाच्या कोणत्या कोनात फाटक ठेवावे हा प्रश्न उद्भवतो, कारण ज्याच्या घरासमोर फाटक, त्याच्या प्लॉटचा भाव वाढणार, आणि ज्याच्या घरासमोर पोरांचा झोपाळा, त्याची दुपारची झोप जाणार, आणि मग एखादा शेजारी दुसऱ्याला विचारतो, “भाऊ, आमच्या बाजूचं गवत तुम्ही कायले उपटता जी?” दुसऱ्या रविवारी अध्यक्ष आणि गवत एवढेच हजर असतात.

तथापि निधी येतो, हे मान्य केले पाहिजे. निधीबरोबर येते ते सौंदर्य. ज्या आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाची कीर्ती एवढी की 2023 मध्ये ते अयोध्येच्या राममंदिरासाठी समारंभपूर्वक रवाना झाले, त्या सागवानाच्या मुलुखात उद्यानातील बाक सिमेंटचा असतो, आणि तो लाकडी वाटावा म्हणून त्यावर गाठी व रेषा रंगवून काढलेल्या असतात. बांबूचे कुंपण असेच सिमेंटचे. केराची टोपली सशाच्या तोंडाची; खांडक्या बल्लाळशहाच्या नगरात सशाला हे पद मिळावे, हा इतिहासाचा न्याय कठोर आहे. फाटकाशी सिमेंटचा वाघ बसविल्याखेरीज तर देयक मंजूरच होत नसावे. ताडोबाचे जंगल दाराशी आहे, औष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात खरा वाघ नागरिकांना विनाशुल्क दर्शन देतो, आणि तरीही आमच्या वाघाच्या शेपटीला रंग देण्याचे दरपत्रक वर्षानुवर्षे विचाराधीन असते. रंग न मिळाल्यामुळे तो वाघ काही ऋतूंत अस्वलासारखा दिसतो. पण अस्वलेही या भागात आहेतच, म्हणून तक्रार कोणी करीत नाही.

दुसऱ्या दिवशीही कामावर येण्याचे याहून अधिक वाईट उदाहरण शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखा नावाच्या, पाचशेच्या आत-बाहेर वस्तीच्या गोंड गावाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. आणि 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना स्वतः तेथे जाऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती ठेवावे लागले. येथवर सर्व ठीक, कारण मान्यवर आले होते. परंतु मान्यवर परत गेल्यावर त्या गावाने जंगल सांभाळण्याचे काम चालूच ठेवले. त्याहून आक्षेपार्ह म्हणजे तेथे निर्णय बहुमताने होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसावयाचे, बोलावयाचे, अभ्यास करावयाचा, आणि एकही माणूस अडला तर थांबावयाचे, अशी त्यांची पद्धत आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणारे लोक एका झाडासाठी इतके बसतात. आम्ही मात्र एकमताअभावी झोपाळा उभा करू शकत नाही आणि बहुमत झाल्यास न्यायालयात जातो. सुशिक्षितांच्या वस्तीला असली तुलना अपमानास्पद वाटली, तर तिचा दोष वस्तीकडे नाही.

हे प्रस्थ वेळीच आवरले नाही तर कोठवर जाईल, याचा दाखला 2021 च्या फेब्रुवारीत मिळाला. गोंडकालीन रामाळा तलाव गाळाने व सांडपाण्याने भरत असल्याचे शहराला दीर्घकाळ ठाऊक होते, आणि ठाऊक असणे हे नागरिकत्वाचे पुरेसे लक्षण मानले जात होते. अशा वेळी त्याच धोतरे यांनी तलावासाठी अन्नत्याग आरंभिला. एका माणसाने जेवण सोडावे आणि यंत्रणेने फायली उघडाव्यात, हा पायंडा घातक आहे. उद्या त्रिकोणी उद्यानाच्या नळासाठीही कोणी उपाशी राहिले, तर नळाला पाणी सोडण्याची वेळ येईल, आणि मग त्या नळाच्या उद्घाटनाचे काय?

सबब, संबंधित दप्तरास या सदराची विनंती आहे की, कोणत्याही नागरिक समूहास फावडे उचलण्यापूर्वी तीन प्रतींत अर्ज करावयास लावावे. अर्जात फलकावरील नावांचा अनुक्रम व अक्षरांचा आकार स्पष्ट नमूद असावा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दिसणार नाही, अशी लेखी हमी प्रत्येक श्रमदात्याकडून मुद्रांकावर घ्यावी. आणि अर्जासोबत प्रमुख पाहुण्यांच्या उपलब्ध तारखा जोडाव्यात. रोपांची यादी जोडण्याची आवश्यकता नाही.