मॅडम, सहाशे रुपये कमी करा

चेंबूर नाक्याजवळच्या एका ऑफिसात गेल्या सोमवारी एका माणसाने पगार कमी करून मागितला. माणूस आमच्याच बिल्डिंगमधला, वय 47. कारखान्याला टाळं लागून चार वर्षं झाली, आता कुठे गोदामात सुपरवायझरचं काम जुळत होतं. एचआरची मुलगी कौतुकाने म्हणाली, "काका, साडेएकवीस हजार!" काका म्हणाले, "मॅडम, वीस हजार नऊशे नाही का होणार?" मुलीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बिचारीला वाटलं, काकांना आनंद सोसला नाही.

काकांच्या डोक्यात काकूंचं इन्सुलिन होतं.

कामगार विमा, म्हणजे आपलं ईएसआय, 1 जानेवारी 2017 पासून 21,000 रुपये पगारावर थांबलंय. तोवर कार्ड मिळतं, आणि त्यावर बायकोपोरांचाही दवाखाना, औषधं, वेळ आली तर ऑपरेशन. 21,001 ला रुजू झालात की तुम्ही शेठ, तुमचं तुम्ही बघा.

आता जरा कागद-पेन घ्या. 20,900 वर मालकाची वर्गणी सव्वातीन टक्के, म्हणजे 680 रुपये. त्याला माणूस पडतो 21,580 ला. आणि 21,500 दिले तर? वर्गणी नाही, 21,500 त मिटलं. सहाशे रुपये जास्त देऊन कंपनीचे ऐंशी वाचतात! औदार्य इतकं किफायतशीर असेल तर कर्णानेही ठेवलं असतं एक एचआर.

गंमत पुढेच आहे. कारखाना बंद पडला तेव्हा काकांना याच ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून दोन वर्षं भत्ता मिळाला, दवाखानाही चालू होता. नोकरी गेली तेव्हा कार्ड होतं, नोकरी लागली तर कार्ड जाणार. मधली दोन वर्षं पालिकेच्या रुग्णालयात पहाटेपासून नंबर लावून काढली. बेकार माणसाला रांग परवडते. गोदामात सकाळी आठला थम्ब लावायचाय.

"पण महात्मा फुले योजना आहे ना?" आहे. पाच लाखांपर्यंत, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही. पण त्यासाठी आधी खाटेवर पडावं लागतं. रोजच्या सुईला ती योजना विचारत नाही.

आणखी एक खाचखळगा काकांना पाठ आहे. ईएसआयची वर्गणी सहामाही मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. सहामाही सुरू झाल्यावर पगार मर्यादेबाहेर गेला तरी ती संपेपर्यंत माणूस विम्यात राहतो. म्हणजे वाढ 1 ऑक्टोबरपासून लागली तर संक्रांत, नोव्हेंबरात लागली तर दिवाळी. शिवाय ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, त्यावर वर्गणी तेवढी कापतात. चार वर्षं घरी बसून काकांनी जेवढा कायदा वाचला तेवढा कामावर असताना वाचला असता तर युनियनचे सेक्रेटरी झाले असते.

मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, वाढवायचं असतं तर मीच केलं असतं. कमी करायला वरची सही लागते."

वरचे साहेब बुधवारी येतात. काकूंनी फ्रिज उघडून बाटल्या मोजल्या. दीड आहे.