भीमेच्या पात्रात एक रात्र : इच्छुकांसाठी सूचना

अमेरिकेत ओझार्क नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथली माणसं सुट्टी लागली की लांबट होडी घेऊन नदीत उतरतात, प्रवाह नेईल तिकडे जातात, वाटेत गळ टाकून मासे धरतात आणि दिवस मावळला की पात्रातल्या गोट्यांच्या बेटावर तंबू ठोकून झोपतात. या कार्यक्रमात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : नदीत पाणी आहे आणि पात्रात वाळू-गोटे आहेत. सोलापूर जिल्ह्यात या दोन्हींची चौकशी दोन वेगळ्या खात्यांत करावी लागते. पाण्याची जलसंपदा खात्यात, वाळूची तहसील कचेरीत. म्हणून आपल्याकडच्या हौशी मंडळींसाठी स्वतंत्र सूचना काढणं भाग आहे.

हा प्रकार आपल्याकडे नवा आहे असं मात्र कुणी समजू नये. नदीकाठी तंबू टाकून राहणारा या जिल्ह्यातला सगळ्यात अनुभवी माणूस म्हणजे औरंगजेब. माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, थेट भीमेच्या काठावर, त्याची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत पडलेली होती. माचणूरचा किल्ला अजून उभा आहे, जाऊन बघता येतो. चार वर्षं नदीकाठी काढलेल्या माणसाला या विषयातला तज्ज्ञ म्हणायला हरकत नाही. पण या विषयात तज्ज्ञांचंच जास्त चुकतं. पुढच्याच वर्षी, १७०० साली, छावणी सांगोल्याकडे माण नदीवर खवासपूरला आली. नदी कोरडी होती. मग काय, काठावर तंबू, पात्रातल्या वाळूतही तंबू. १ ऑक्टोबरच्या रात्री वर डोंगरात पाऊस झाला आणि झोपलेल्या छावणीवर पाण्याचा लोंढा आला. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं, मराठे घुसले. तो उठून धावला, अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. तो पुन्हा नीट बसलाच नाही. उरलेलं आयुष्य बादशहा लंगडत चालला. दरबारी मंडळींनी त्यावर तोड काढली की हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा वारसा.

यातून निघणाऱ्या सूचना सरळ आहेत. कोरड्या पात्रात झोपताना आपल्या डोक्यावरचं आभाळ बघण्यात अर्थ नाही, नदी जिथून येते तिथलं बघावं. दचकून उठल्यावर धावण्याआधी कोण आलंय ते विचारून घ्यावं. आणि सोबतीला एक-दोन असे मित्र असावेत, जे आपल्या दुखापतीचा संबंध घराण्याशी जोडू शकतील.

महिना निवडताना ऑक्टोबर वगळावा. सोलापूरकराला पावसाळ्याचं कौतुक असण्याचं फारसं कारण नाही, कारण जूनमध्ये ढग येतात, बघतात आणि मराठवाड्याकडे निघून जातात. खरा पाऊस परतीचा. २०२० च्या ऑक्टोबरात तो असा परतला की उजनी धरणातून लाखो क्युसेकने पाणी सोडावं लागलं, पंढरपुरात नदी घराघरांत शिरली आणि कुंभार घाटावर भिंत कोसळून माणसं गेली. खवासपूरचाही महिना तोच होता.

आता पाण्याविषयी. भीमेत पाणी कधी असतं, या प्रश्नाचं उत्तर पंचांगात नाही, उजनीच्या दारांत आहे. हे धरण भरलं की ११७ टीएमसी पाणी असतं, पण त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठ्यात जमा होतं. त्यामुळे धरण ‘शून्य टक्के’ म्हणतात तेव्हा त्यात समुद्रासारखं पाणी दिसत असतं. तिथून पुढे हिशोब उण्यात चालतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. उणे पाण्यावर होडी कशी चालवावी, याचं शास्त्र अजून विकसित व्हायचं आहे. शिवाय हे पाणी पुणेकरांनी मुळा-मुठेमार्गे आधी वापरून पाठवलेलं असतं, तेव्हा स्वयंपाकाला घरून कॅन न्यावा. घरी नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे लक्षात घेऊन कॅन भरण्याचा दिवस आधी ठरवावा आणि सहलीचा नंतर.

सोलापूर शहरासाठी नदीत पाणी सोडलं, तर ते औज बंधाऱ्यापर्यंत पोचायला आठ-दहा दिवस लागतात. वाटेत तापलेली वाळू पिते, काठच्या मोटारी पितात. वर्तमानपत्रात ‘उजनीतून विसर्ग सुरू’ अशी बातमी दिसली की होडीवाल्याने निघावं आणि पात्रात झोपणाऱ्याने उठावं. दोघं एकच असतील तर घरी बसलेलं बरं.

मुक्कामाची जागा हा खरा अवघड विषय. मोठ्या नदीत वाळूचं बेट असायला हवं, ही अपेक्षा शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकामुळे होते. भीमेचं पुष्कळसं बेट आता सोलापूर, पुणे आणि इतर शहरांत स्लॅब होऊन उभं आहे. उरलं आहे त्यात जेसीबीने पाडलेले खड्डे आहेत आणि पाणी चढलं की ते वरून दिसत नाहीत. पंढरपुरात चंद्रभागेत, म्हणजे याच भीमेत, आंघोळीला उतरलेली माणसं याच खड्ड्यांत बुडतात. ही सूचना गमतीत घेऊ नये : अनोळखी पात्रात आधी काठीने चाचपावं आणि मग पाय टाकावा.

चंद्रभागेच्या वाळवंटात झोपण्याचा जगातला सगळ्यात मोठा अनुभव वारकऱ्यांकडे आहे. आषाढीला उघड्यावर, पडशी उशाला घेऊन, पावसाची भुरभुर चालू असताना इतक्या माणसांनी शांत झोपणं ही साधी गोष्ट नाही. वाळवंटातल्या राहुट्यांवर न्यायालयाने बंधनं घातल्यावर पलीकडच्या तीरावर ६५ एकरांत तळ उभा राहिला. हौशी मंडळींनी वारीच्या दिवसांत तिकडे ‘कॅम्पिंग’ करायला जाऊ नये. तिथे आपला तंबू सोडून सगळ्यांना कामं असतात.

वाळूच नको असेल तर उजनीचा फुगवटा बघावा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तशी कुगावकडे, पळसदेवकडे बुडालेल्या गावांची जोती आणि देवळं वर येतात. तंबूला सपाट, दगड बसवलेली जागा मिळाली म्हणून खूश होऊ नये. ती कुणाची तरी ओसरी असते आणि त्या घरातला म्हातारा अजून वरच्या पुनर्वसनात बसून बोट दाखवून सांगू शकतो की इथे गोठा होता. उघडी पडलेली जमीन रिकामी असते, हाही गैरसमज आहे. पाणी हटलं की गाळपेर सुरू होते. रात्री माळरान म्हणून अंथरूण टाकलेल्या जागी पहाटे ट्रॅक्टर नांगर लावून उभा असू शकतो.

होडीविषयी थोडक्यात. इथला मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून जाळं टाकतो. पुरात गुऱ्हाळाची काहीलसुद्धा चालते. आपण त्याच्या नादाला लागू नये. त्याचा तोल पिढीजात आहे. नदीत ठरावीक अंतरावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, तिथे होडी डोक्यावर घेऊन काठाने चालावं लागतं. म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाण्यापेक्षा प्रवाह खांद्यावर वाहून नेण्याचाच हा खेळ जास्त आहे. आणि वैशाखात दुपारनंतर उजनीच्या मोठ्या पाण्यावर जाऊच नये. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटून सहा माणसं गेली. आडोसा नसलेल्या त्या पाण्यावर वळवाचा वारा क्षणात उठतो. लाइफ जॅकेट घालावं. फोटोत पोट मोठं दिसलं तरी घालावं.

माशांचं म्हणाल तर चिलापी मिळते. मरळ, वांब मिळाली तर नशीब. चिलापी मूळची आफ्रिकेची, पण इथे अशी रमली की आता भिगवण-इंदापूरच्या हॉटेलांत तिच्याशिवाय ताट भरत नाही. तिला गळाला कणीक चालते. हौशी माणसाला दिवसभरात काही लागलं नाही तर संध्याकाळी काठावरच्या भोयाकडे जाऊन ‘‘मामा, किलोभर द्या की,’’ म्हणावं. मामा वजन करताना विचारतील, ‘‘गळाला काय लावलं हुतं?’’ खरं सांगू नये. त्यांना वाईट वाटतं, की हसू येतं, हे अजून कळलेलं नाही. मासा काळ्या मसाल्यात घोळून तव्यावर भाजावा, सोबत कडक भाकरी. शेंगाची चटणी विसरल्यास परत फिरावं.

मग रात्र. ओझार्कमध्ये म्हणे या वेळी पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. इथे बाराच्या सुमाराला शेतीची लाईट येते आणि नदीकाठच्या ऑटो बसवलेल्या मोटारी एकेक करून हुंकार देऊ लागतात. पाण्यात पडलेल्या केबलींपासून चार हात लांब अंथरूण टाकावं, हे सांगायला नकोच. दोनच्या पुढे वाळू न्यायला दिवे बंद केलेले ट्रॅक्टर येतात. पंढरपूरकडे गाढवंही येतात. ती कमी आवाज करतात आणि तहसीलदार दिसला तर पळून जात नाहीत, म्हणून जप्त होतात.

अशा वेळी टॉर्चचा झोत तंबूवर पडतो आणि बाहेरून प्रश्न येतो, ‘‘कोण हाय बे?’’ उत्तर विचार करून द्यावं. ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही महसूल पथकाचे वाटता, महसूल पथकाला ट्रॅक्टरवाल्याचे राखणदार. ‘‘मासे धरायला आलोय,’’ हे दोघांनाही पटत नाही. रात्री दोनला, आपण होऊन, घरदार असताना? अनुभवी लोक अशा वेळी कढई आणि तवा बाहेर काढून दाखवतात. तव्यावर माशाचे खवले असतील तर पुरावा भक्कम होतो. खवले मामांकडच्या माशाचे आहेत, हे उघड करण्याची गरज नाही.

पहाटे निघताना अंथरूण, चपला, तंबूचा तळ आणि खिसे नदीतच झटकून घ्यावेत. वाळू हे गौण खनिज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम ४८ प्रमाणे ती विनापरवाना नेल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त. एका गादीत किती ब्रास बसते याचा हिशोब तलाठ्यासमोर मांडण्यापेक्षा ती दोघांनी चार टोकांना धरून झाडलेली बरी.