आघातशोधन : विधी आणि पथ्ये

इंग्रजी जोडविशेषणाचा आघात शोधायला बसण्यापूर्वी घरची मंडळी बाहेर गेल्याची खात्री करून घ्यावी. साहित्य फार लागत नाही. एक हनुवटी, एक पंजा.

पंजा पालथा करून हनुवटीखाली आडवा धरावा आणि 'ओल्ड-फॅशन्ड' म्हणावे. हनुवटी जितक्या वेळा टेकेल तितके सिलॅबल. ओल्ड, फॅ, शन्ड. तिसऱ्या वेळी ती जेमतेम टेकते, पण धरावी. स्पेलिंगकडे ढुंकूनही पाहू नये. तिथे स्वर पाच बसलेत, पैकी दोन नुसते जेवायला आलेले. शेवटची ईडी (दचकू नये, अक्षरे आहेत) इथे गप्प असते. तीच 'शॉर्ट-साइटेड'मध्ये ट-च्या पाठीशी आली की तोंड उघडते आणि वेगळा सिलॅबल मागते. शाळेत 'यमाताराजभानसलगा' घोकलेल्यांनी लघु-गुरूचा मोह आवरावा.

आता आघात. आपण मराठी माणसे सगळ्या सिलॅबलना तीर्थप्रसादासारखे सारखे वाटप करतो. इंग्रजीत पाट एकालाच मिळतो. पुढे विशेषण आणि मागे ईडी असेल तर तो बहुधा मागच्या शब्दात मांडावा : 'बॅड-टेम्पर्ड'मध्ये 'टेम'खाली, 'ॲब्सेंट-माइंडेड'मध्ये 'माइंड'खाली. पुढे नाम असेल तर पुष्कळदा पुढे, जसे 'होमसिक'. हे पाठ झाले की लगेच 'होम-मेड' म्हणून पाहावे. आघात 'मेड'वर. रडू नये.

खरी परीक्षा 'सेकंड-हँड'ची. एकटा असताना आघात 'हँड'वर. पण मागून 'स्कूटर' आली की ती स्वतःचा आघात पहिल्याच सिलॅबलवर घेऊन येते, आणि दोन आघात मांडीला मांडी लावून बसलेले इंग्रजीला खपत नाहीत. मग एसटीच्या बाकावर कुणी जाडजूड पाहुणा टेकला की आधीचा प्रवासी जसा खिडकीकडे सरकतो, तसा विशेषणाचा आघात सरकून 'सेकंड'वर जातो.

हा विधी पंधरा दिवस नीट करून मी जुनी स्कूटर घ्यायला गेलो. पंजा खिशात ठेवून, 'सेकंड'वर यथाशास्त्र जोर देत विचारले, "सेकंड-हँड स्कूटर आहे का?"

दुकानदाराचा चेहरा पडला. "सेकंड कशाला साहेब? फर्स्ट ओनरचीच दाखवतो ना!"