मुतखड्याचं बिल नदीच्या नावे

मुठा खोऱ्यात पाऊस कोसळायला लागला की भातखाचरांचे बांध दिसेनासे होतात. तेच पाणी टेमघर धरणात साठतं, मुठेतून खडकवासल्याला उतरतं आणि पुण्याच्या नळाला येतं. मुतखडा टाळायला पाण्याहून स्वस्त औषध नाही. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, असं डॉक्टर सांगून दमले. आपण ऐकतो कधी? पोटात कळ उठून गडाबडा लोळल्यावर.

मग ऑपरेशनला काय काय लागतं ते बघा. दुर्बीण, लेसरचा धागा, मूत्रनलिकेत सोडायची वायर, तिथे ठेवायची डीजे स्टेंट नावाची नळी, गाऊन, चादरी. खड्याचा भुगा धुऊन काढायला टांगलेल्या सलाईनच्या मोठाल्या पिशव्या. यातलं बरंचसं एकदा वापरून कचऱ्यात जातं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2018 साली नुसत्या दुर्बिणीचा हिशेब मांडला. एकदाच वापरायची घ्या नाहीतर निर्जंतुक करून पुन्हा वापरायची, दर वेळी साडेचार किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ दोन लिटर पेट्रोल जाळलं म्हणा. तेव्हा कुठली दुर्बीण बरी, हा वाद राहू द्या. ऑपरेशनची वेळच आली नाही, तर हे सगळं वाचतं.

आणि कळ थांबवायला देतात ते डायक्लोफिनॅक! गुरांना टोचलेल्या याच औषधाने आपली गिधाडं संपवली. मेलेलं जनावर खाल्लं की त्यांची किडनी निकामी व्हायची. 2004 साली हे कारण उघड झालं, 2006 साली जनावरांसाठी बंदी आली. माणसांचं औषध काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. ती कळ ज्याने सोसली त्याला विचारा. पण औषधाचा अंश लघवीतून गटारात जातो. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं तो पुरता काढू शकत नाहीत, आणि पुण्याचं सगळं मैलापाणी त्या केंद्रांपर्यंत पोचतही नाही. उरलेलं मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून उजनी धरणाला. तिथेही माणसंच पाणी पितात.

खडा होऊच नये म्हणून ‘भरपूर पाणी प्या’ हे सांगायला सोपं आहे. खोऱ्यातून भाजीची पाटी घेऊन शहरात येणारी बाई सकाळी घोटभर पाण्यावर निघते आणि दुपारभर उन्हात तहान मारून बसते. तिला पाण्याचं महत्त्व कळत नाही असं नाही. प्यायलं तर जायचं कुठे, हा तिचा प्रश्न आहे. वाहतूक पोलीस बाईचा तोच, रस्त्यावर खडी टाकणारीचा तोच. लघवी दाबून आणि तहान मारून खडे होणार नाहीत तर काय होईल?

लाखोंच्या लेसर मशीनची फीत कापायला पुढारी हौसेने येतात. त्यांनी एकदा मंडईत आणि एसटी थांब्यावर यावं. बायकांसाठी आतून कडी लागणारं, रोज धुतलं जाणारं फुकट स्वच्छतागृह आणि त्याच्यापासून चार हात लांब पिण्याच्या पाण्याचा नळ, एवढं बांधावं. त्याची फीत कापायला मी स्वतः टाळ्या वाजवत येईन.